पेंटियम काढून आय-फाइव्ह बसवू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अमळनेरला लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो. मना कॉम्प्युटर जुना शे, पन माले तोच पायजे. २०१२ साली घेतला होता. पेंटियम जी६३० प्रोसेसर, एच६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. पत्रिकेचं काम निघतं कसंबसं, पण दहा बाय वीसचा फ्लेक्स उघडला की माउस जागचा हलत नाही आणि गिऱ्हाईक समोर बसून राहतं. एक दुकानदार म्हणतो, अख्खा सीपीयू बदला. दुसरा म्हणतो, आय-सेव्हन टाकून देतो, साडेचार हजार द्या. मी काय करू?

उत्तर : भाऊ, आधी एका शब्दाचा घोळ मिटवू, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. आपल्याकडे ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालची सगळी पेटी. खरं तर ती कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, काडेपेटीपेक्षाही लहान असा चौकोनी तुकडा. पहिल्या दुकानदाराने तुम्हाला पेटी बदलायला सांगितली, दुसऱ्याने फक्त तो तुकडा. दोन्ही सल्ल्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुमचा बोर्ड एच६१ आहे हे वाचून मला बरं वाटलं. त्यावरचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, ११५५ प्रकारची. इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११ चे, आणि तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०१२ चे प्रोसेसर याच सॉकेटात बसतात. तुमचा जी६३० दुसऱ्या पिढीतला साध्या घरातला, दोन कोअर (म्हणजे आतले काम करणारे दोन मेंदू) आणि २.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे वर चढायला जागा भरपूर आहे. तुमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी सुरू झाली, तिनेच पुढे विप्रो होऊन कॉम्प्युटर बनवले. त्या अमळनेरात चालता कॉम्प्युटर भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पण प्रोसेसर घ्यायच्या आधी एक दिवस थांबा. तुमचा नेहमीचा मोठा फ्लेक्स उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन काम करता करता तीन आकडे बघा : सीपीयू, मेमरी आणि डिस्क. मी तुम्हाला फोनवर हेच करायला लावलं आणि तुम्ही आकडे कळवले, म्हणून पुढचं ठामपणे लिहिते. फाइल उघडताना तुमची डिस्क १०० टक्क्यांवर आणि मेमरी ३.६ जीबी भरलेली. इफेक्ट देताना आणि पीडीएफ काढताना सीपीयू १००. म्हणजे तुमच्या मशीनची कोंडी दोन ठिकाणी आहे. नुसता प्रोसेसर टाकला असता तर फाइल तितक्याच सावकाश उघडली असती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं असतं.

त्याच्याही आधीचं एक काम फुकटचं आहे, ते म्हणजे सफाई. हे मी उगाच सांगत नाही. जळगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन माझ्याकडे आलं होतं. तक्रार हीच, ‘दुपारी फार स्लो होतं, प्रोसेसर बदलून द्या.’ कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता. पंखा सोडवून बाजूला केला, तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसेनातच. कापसाची रुई आणि धूळ मिळून करड्या घोंगडीसारखा एक थर पट्ट्यांवर बसला होता. चिमट्याने एका टोकाला धरून उचलला, तर गोल वडीसारखा सबंध निघून आला. पंखा वरून हवा मारत होता आणि ती त्या घोंगडीवरच आपटत होती. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. आपल्याला वाटतं म्हातारा झाला, आणि तो बिचारा जीव वाचवत असतो. त्या मशीनला मी प्रोसेसर आणि पट्ट्यांच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, बाकी काही बदललं नाही, आणि मालकाचं काम झालं.

मी भुसावळची. इथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, अमळनेरही फार मागे नसतं. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड प्रोसेसर होऊच शकत नाही. पुण्यात जे चालून जातं ते आपल्याकडे दुपारी दोन वाजता चालत नाही. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा.

आता कोणता प्रोसेसर घ्यायचा ते. तुम्हाला सांगितलेला आय-सेव्हन बहुधा ३७७० असणार. चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा), चांगलाच आहे. पण तुमच्या कामाला मी आय-फाइव्ह ३४७० सांगेन. खरेखुरे चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.६ पर्यंत जातो. पत्रिका आणि फ्लेक्सच्या कामात आठ थ्रेडचा फायदा क्वचितच मिळतो. दोघांच्या किमतीतला फरक एसएसडीला, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कला, लावा, तो तुम्हाला रोज दिसेल. दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह २४०० थोडा स्वस्त मिळतो आणि बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रॅमच्या) भानगडीशिवाय बसतो, पण तो ९५ वॉटचा आहे. ३४७० हा ७७ वॉटचा. आपल्या उन्हाळ्यात आणि एच६१ च्या साध्या बोर्डावर हे १८ वॉट मला महत्त्वाचे वाटतात. आणखी एक फायदा आहे. तुमचा जी६३० रॅमला १०६६ च्याच वेगाने चालवतो, ३४७० तीच रॅम १६०० ने चालवू शकतो, अर्थात रॅम त्या वेगाची असेल तर.

दुकानात ‘झिऑन घ्या, सर्व्हरचा आहे, आय-सेव्हनला भारी’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. झिऑन ई३-१२३० मध्ये ग्राफिक्सच नाही. आय-फाइव्ह ३३५०पी चंही तसंच. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटरची वायर बोर्डालाच लागते. असा प्रोसेसर बसवला की सगळं चालू होईल आणि पडद्यावर मात्र काहीच दिसणार नाही.

जुना प्रोसेसर घ्यायला घाबरू नका. मदरबोर्ड जातो, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) जातो, हार्ड डिस्क तर जातेच, पण प्रोसेसर सहसा जात नाही. घेताना वरच्या धातूच्या झाकणावर कोरलेलं नाव आणि गिगाहर्ट्झ स्वतः वाचा. तिथे ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना, तो परत द्या. खाली सोनेरी ठिपक्यांची जाळी असते, ती स्वच्छ हवी, कोपरे उडालेले नकोत. शक्य असेल तर दुकानातच एखाद्या बोर्डावर लावून सीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये नाव बघून घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फिरलात तर आठवडाभराची चाचणी देणारा दुकानदार मिळेल. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या.

आता बायोस. हा भाग नीट वाचा, पुष्कळांचं इथेच अडतं. तुमचा बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळातला आहे. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर त्याला ओळखता यावा म्हणून बोर्डाचा बायोस नवा करावा लागतो, आणि तो जुना पेंटियम बसलेला असतानाच करायचा असतो. आधी प्रोसेसर बदलला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते, आणि माणूस समजतो की प्रोसेसर खराब निघाला. सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड पानावर बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरची यादी असते. त्यात ३४७० च्या पुढे ‘या आवृत्तीपासून पुढे’ असा आकडा दिलेला असतो. तुमची आवृत्ती त्याच्या मागची असेल तर फाइल उतरवून फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि बायोसच्या आतल्याच सोयीने अपडेट करा. यादीत ३४७० नसेलच, तर नाद सोडा आणि २४०० घ्या.

हे काम युपीएसशिवाय करायचं नाही. इन्व्हर्टर असेल तरी मधला झटका कॉम्प्युटरला सहन होतो का, ते आधी प्लग काढून तपासा. मी दुकान टाकलं त्या काळात आपल्याकडे भारनियमनाचे तास ठरलेले असायचे आणि त्याबाहेरही लाइट जायची. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाच्या बोर्डाचा बायोस मी दुपारी अपडेट करत होते. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती आणि लाइट गेली. माझा युपीएस त्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला वापरायला दिलेला होता. परत लाइट आल्यावर पंखा फिरला, बाकी काही नाही. बोर्ड मेला होता. मुलाचे वडील रेल्वेत रोजंदारीवर होते. नवा बोर्ड मी माझ्या पैशाने आणून लावला, पण त्या मुलाचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. म्हणून म्हणते, युपीएस नसेल तर शेजाऱ्याचा तासभर मागून आणा.

बसवणी अवघड नाही, घाई मात्र नको. आधी मशीन दहा मिनिटं चालवा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं करा. आतल्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि कामात मधूनमधून लावत राहा. कूलरच्या, म्हणजे पंखा आणि पट्ट्यांच्या जोडीच्या, चार काळ्या पायांवर बाण कोरलेले असतात. प्रत्येक पाय बाणाच्या दिशेने पाव फिरवायचा आणि वर ओढायचा. कूलर एकदम उपटू नका, डावी-उजवीकडे हलकासा फिरवून सोडवा. पंख्याची वायर काढायला विसरू नका.

सॉकेटची दांडी खाली दाबून बाजूला सरकवली आणि वर उचलली की झाकण उघडतं. पेंटियम दोन बोटांनी कडांना धरून सरळ वर उचला. आता खाली जे दिसेल त्याला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, कापड फिरवायचं नाही. तिथे केसासारख्या बारीक ११५५ पिना असतात. नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आणि कडांवर दोन खाचा असतात, त्या सॉकेटच्या खुणांशी जुळवा आणि प्रोसेसर अलगद ठेवून द्या. दाबायचा नाही, तो आपल्या वजनाने बसतो. दांडी लावताना मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो. त्याला भिऊ नका.

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, अगदी मधोमध. जास्त लावली की थंड होत नाही, उलट बाहेर ओघळते. कूलरच्या तळाची जुनी पेस्ट आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या, ते मेडिकलमध्ये मिळतं. पेंटियमबरोबरचा बुटका ॲल्युमिनियमचा कूलर मी इथे वापरणार नाही, मध्ये तांब्याचा गाभा असलेला उंच कूलर घ्या. त्याचे पाय समोरासमोरचे, म्हणजे तिरपे, जोडीने दाबायचे. चार वेळा ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. एक जरी पाय अर्धवट राहिला तर कूलर एका बाजूला उचलला जातो आणि प्रोसेसर काही मिनिटांत नव्वदीच्या पुढे जातो. बोर्डाच्या मागून पाहता आलं तर चारही पायांची टोकं फाकलेली दिसली पाहिजेत.

विंडोज परत टाकायची गरज नाही. बोर्ड तोच आहे, त्यामुळे ॲक्टिव्हेशनलाही सहसा अडचण येत नाही.

खर्चाचा क्रम मात्र माझं ऐकून असाच ठेवा : आधी सफाई, मग एसएसडी, मग आणखी ४ जीबी रॅम आणि शेवटी प्रोसेसर. एच६१ वर एसएसडीला अर्धाच वेग मिळतो, कारण त्याचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची वायर लागते त्या जागा, जुन्या ३ गिगाबिटचे आहेत. तरीही हार्ड डिस्कपेक्षा ती कितीतरी पुढे राहील. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी हे उरकून घ्या, ऐन सीझनमध्ये कॅबिनेट उघडू नका.

प्रश्न : आमची रावेरला केळीची आडत आहे. ऑफिसात कोअर टू डुओ ई७५०० चं मशीन आहे, बोर्ड जी३१, रॅम २ जीबी. त्यावर फक्त टॅली, बिलं आणि व्हॉट्सॲप वेब चालतं. मुलगा म्हणतो कोअर टू क्वाड क्यू६६०० स्वस्तात मिळतोय, टाकू का?

उत्तर : नको, दादा. मुलाचा हेतू चांगला आहे, पण क्यू६६०० हा २००७ चा प्रोसेसर. कोअर चार असले तरी वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि उष्णता तुमच्या ई७५०० पेक्षा पुष्कळ जास्त. टॅलीत बिल बनवताना चार कोअरचं काही काम नसतं. तुमचं मशीन सकाळी सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेत असेल, तर ते प्रोसेसरमुळे नाही, हार्ड डिस्कमुळे आणि २ जीबी रॅममुळे.

तुमच्या बोर्डावर रॅम जास्तीत जास्त ४ जीबी जाते, तीही डीडीआर२. एवढ्या जुन्या मशीनवर मी फक्त एकच खर्च करीन, एका छोट्या एसएसडीचा. ती उद्या दुसऱ्या मशीनमध्ये काढून लावता येते, क्यू६६०० कुठेच लावता येणार नाही. बोर्ड ज्या दिवशी जाईल त्या दिवशी त्यावर रुपया घालू नका. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली आठव्या पिढीची मशीनं मिळतात, त्यातलं एक घ्या.

आणि टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर. तोही त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही, घरी न्यायचा. शेतकऱ्यांचे हिशेब आहेत ते.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात शिक्षिका आहे. घरच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीच्या जागी आय-सेव्हन ३७७० टाकला तर विंडोज ११ चालेल का?

उत्तर : नाही, ताई. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. तिसऱ्या पिढीतला सगळ्यात मोठा प्रोसेसरही त्या यादीत नाही. युक्तीने टाकून देणारे भेटतात, पण मायक्रोसॉफ्टचा त्याला आधार नाही, शाळेच्या कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून बँकेचे व्यवहार तरी त्यावर करू नका. निकालपत्रकं आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. आहे त्या आय-थ्रीवर ते छान चालतं आणि मराठी टाइपिंगही होतं.

प्रश्न : ताई, मी शहाद्याला डिप्लोमा करतो. प्रोसेसर बदलताना तो हातातून सॉकेटवर तिरपा पडला. आता मशीन सुरू होतं, पण एका स्लॉटमधली रॅम दिसत नाही. बोर्ड गेला का? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : बाळा, बोर्ड बहुतेक गेलेला नाही. रॅमचा एकच स्लॉट गायब होणं ही सॉकेटातली पिन वाकल्याची नेहमीची खूण आहे. प्रोसेसर काढ आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून सॉकेटकडे बघ. सगळ्या पिनांची टोकं एका दिशेने, पेरलेल्या ओळींसारखी चमकतील. वाकलेली पिन त्या ओळीतून बाहेर पडलेली दिसेल, किंवा तिच्या जागी काळा ठिपका दिसेल. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघ आणि कितवी ओळ, कितवी पिन, ते कागदावर लिहून घे.

सरळ करायला शिवणाची बारीक सुई आणि भिंग लागेल. मनगट टेबलावर टेकव. पिन तिच्या टोकाशी नाही, वाकली आहे तिथे खालून हलकेच उचलायची, एका वेळी केसभर. प्रत्येक वेळी थांबून शेजारच्या पिनेशी ताडून बघ. एकदम मागे ओढलीस तर तुटेल, आणि तुटलेली पिन घरी बसवता येत नाही. हात थरथरत असेल तर आज करू नकोस. पिना दोनपेक्षा जास्त वाकल्या असतील तर मशीन चालवत राहू नकोस, सॉकेट उघडं न ठेवता त्यावर प्लास्टिकचं झाकण लावून दुरुस्तीवाल्याकडे ने.

आणि घरी आज संध्याकाळी सांग, सुई हातात घ्यायच्या आधी.